कागद नाही, मग पैसे कशाचे?

परवा एका लेखकाचा फोन आला. चारशे पानांची कादंबरी, छापील आवृत्ती संपत आलेली, आता ई-बुक करून हवंय. माझा दर सांगून झाला, तारीख ठरली, आणि मग तो ठरलेला प्रश्न आलाच. "ताई, किंमत किती ठेवू? सगळे म्हणतात, कागद नाही, शाई नाही, मग पैसे कशाचे?"

नऊ वर्षं मी छापील पुस्तकांची ई-बुकं करून देते, त्यामुळे हा प्रश्न ऐकला की आधी चिडचिड होते. पैसे कशाचे म्हणजे काय! या कादंबरीचंच घ्या. मूळ फाइल युनिकोडच्या (म्हणजे सगळ्या यंत्रांवर चालणाऱ्या अक्षरपद्धतीच्या) आधीच्या जुन्या फाँटमधली. ती कन्व्हर्टरमधून काढली, तर सगळे रफार एकेक अक्षर पुढे सरकले. 'वर्ष'चं झालं 'वषर्'. ऱ्हस्व वेलांट्या आपलं अक्षर सोडून आधीच उभ्या. यातलं निम्मंअधिक शोधून-बदलून दुरुस्त होतं. उरलेलं डोळ्यांनी, ओळ न् ओळ वाचत. म्हणजे ज्या पुस्तकाचं मुद्रितशोधन एकदा पैसे मोजून झालेलं आहे, त्याचंच पुन्हा करायचं. कवितासंग्रहाचा तर मी दर वेगळाच सांगते. वाचणाऱ्याने अक्षर मोठं केलं की ओळ मधेच मोडते, आणि कवी मला फोन करतो.

पण चिडचिड बाजूला ठेवून हिशेब मांडू. छापील पुस्तकाची किंमत निर्मितीखर्चाच्या चार-पाच पट ठेवायची, असा या धंद्यातला जुना ठोकताळा आहे. मी तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला लूट वाटली होती. मग कळलं की त्या पटींमधूनच विक्रेत्याची सूट जाते, वितरकाचा वाटा जातो, लेखकाचं मानधन जातं, गोदामाचं भाडं जातं आणि न खपता परत आलेल्या, कोपरे दुमडलेल्या प्रतींचा भुर्दंडही जातो. छापील किंमत शंभर धरली, तर कागद-छपाई-बांधणी मिळून वीस-पंचवीस. म्हणजे कागद वाचला म्हणून किंमत उतरवायची, तर शंभराचे पंचाहत्तर-ऐंशी होतील. दहा नाही होणार. गोदाम आणि परत येणाऱ्या प्रती वाचतात हे खरं, पण ई-बुकाचं दुकानही फुकट विकत नाही.

अ‍ॅमेझॉनने 2010 साली किंडल या आपल्या ई-बुक वाचायच्या यंत्रावर स्वतः पुस्तक प्रकाशित करणाऱ्यांना 70 टक्के वाटा देऊ केला, तेव्हा घातलेल्या अटींत दोन मुख्य होत्या. किंमत 2.99 ते 9.99 डॉलरच्या मधे हवी आणि छापील आवृत्तीपेक्षा निदान 20 टक्के कमी हवी. त्या पट्ट्याबाहेर गेलात की वाटा 35 टक्के. आता गंमत बघा. 9.99 ला विकलं तर लेखकाच्या हाती साधारण 7 डॉलर. 10.99 ठेवली तर 4 डॉलरसुद्धा नाहीत. तेवढेच 7 मिळवायला किंमत थेट 20 वर न्यावी लागते. इतकी ई-बुकं 9.99 ला का असतात, याचं उत्तर त्या पट्ट्यात आहे. पुस्तकात काय आहे याचा त्या आकड्याशी संबंध नाही.

तसा 9.99 हा आकडा त्याहून जुना. 2007 मध्ये किंडल आलं तेव्हा खपाची नवी पुस्तकं अ‍ॅमेझॉन या भावाने विकायचं, आणि त्यातली बरीच स्वतः पदरमोड करून. यंत्र खपवायचं होतं. प्रकाशकांच्या पोटात गोळा आला, कारण वाचकाच्या डोक्यात तोच भाव पक्का बसत होता. 2010 मध्ये आयपॅड आला. अ‍ॅपल आणि पाच मोठ्या प्रकाशकांनी ठरवलं की ई-बुकाची किंमत प्रकाशकानेच लावायची, दुकानाने फक्त दलाली घ्यायची. यावर अमेरिकेत खटला झाला आणि 2013 मध्ये न्यायालयाने हा भाव चढवायचा कट होता असा निकाल दिला. पण संगनमत मोडलं तरी पद्धत राहिली, पुढे प्रकाशकांनी एकेकट्याने तसेच करार केले. त्यामुळेच कधीकधी ई-बुक पेपरबॅकपेक्षा महाग दिसतं आणि वाचक संतापतो. छापील प्रतीवर दुकानदार आपल्या खिशातून सूट देऊ शकतो, ई-बुकावर त्याचे हात बांधलेले असतात.

इथवर मी प्रकाशकाच्या बाजूने बोलले. त्या लेखकालाही हेच सांगणार होते. मग माझंच एक कपाट आठवलं.

कपाट म्हणजे फोनमधलं. एका ई-बुक दुकानातून मी तीन-चार वर्षांत चाळीसेक पुस्तकं घेतली होती. ते दुकान बंद झालं. एक ईमेल आली, ती मी जाहिरात समजून उघडलीच नाही, आणि मुदत टळल्यावर पुस्तकं उघडेनात. पुस्तकांचं एक वेळ सोडा, त्यातली चार मी पुन्हा घेतली. पण त्यांत मी केलेल्या खुणा होत्या. एका व्याकरणाच्या पुस्तकात तर जवळजवळ प्रत्येक पानावर माझ्या टिपा होत्या, लेखकाशी भांडणाऱ्या. त्या गेल्या.

मायक्रोसॉफ्टने 2019 मध्ये आपलं ई-बुक दुकान बंद केलं, तेव्हा वागणं निदान बरं होतं. पुस्तकांचे पूर्ण पैसे परत केले आणि ज्यांनी पुस्तकात टिपणं केली होती त्यांच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात वर 25 डॉलर जमा केले. समासातल्या नोंदींना किंमत असते हे एखाद्या कंपनीने पैसे मोजून कबूल केल्याचं दुसरं उदाहरण माझ्या माहितीत नाही.

तेव्हापासून मी हिशेब उलट्या बाजूने करते. कागदाचे पैसे किती वाचले हा माझ्या लेखी दुय्यम प्रश्न. मी विकत काय घेते? छापील प्रत मी मैत्रिणीला देते (ती परत करत नाही, तो वेगळा विषय). रद्दीत किंवा जुन्या पुस्तकांच्या दुकानात विकते. माझ्यामागे कुणीतरी ती ठेवेल किंवा फेकेल. यातलं एकही कुलूपबंद ई-बुकाच्या, म्हणजे फक्त घेणाऱ्याच्या खात्यातच उघडणाऱ्या फाइलच्या, बाबतीत नीट करता येत नाही. वापरलेलं ई-बुक पुन्हा विकायचा प्रयत्न युरोपात एका डच कंपनीने केला होता. 2019 च्या डिसेंबरात युरोपीय न्यायालयाने सांगितलं की मूळ हक्कधारकाच्या परवानगीशिवाय हे चालणार नाही. म्हणजे 'खरेदी करा' असं बटणावर लिहिलेलं असतं, पण मिळतो तो वाचायचा परवाना. मग किंमतही परवान्याचीच घ्या.

याच्या विरुद्ध बाजूला माझी आत्या आहे. मोतीबिंदूच्या आधी दोन वर्षं ती फक्त टॅबवर वाचत होती, एका पडद्यावर जेमतेम सहा ओळी मावतील एवढं अक्षर करून. तिला विचारलं तर ती म्हणेल, छापीलपेक्षा जास्त पैसे घ्या, पण सगळी पुस्तकं अशी काढा. एकदा तिने मला विचारलं, "यातली माझी पुस्तकं मागनं तुला मिळतील ना गं?" मी म्हटलं, पासवर्ड लिहून ठेव. करारात तसं बसत नाही, हे तिला सांगितलं नाही.

तर त्या लेखकाला मी काय सांगितलं? कुलूप लावणार असाल तर छापीलच्या निम्म्या किमतीच्या वर जाऊ नका. कुलूप न लावता साधी फाइल देणार असाल, जी वाचक स्वतःकडे उतरवून ठेवू शकेल, दुसऱ्या यंत्रावर नेऊ शकेल, तर खुशाल सत्तर-पंचाहत्तर टक्के मागा, मी स्वतः देईन. पुठ्ठाबांधणीची आवृत्ती संपून स्वस्त आवृत्ती आली की ई-बुकाचा भाव त्याच दिवशी खाली आणा. आणि ज्याने छापील घेतलंय त्याच्याकडून पुन्हा पूर्ण पैसे मागू नका. अ‍ॅमेझॉनने 2013 मध्ये अशी सोय केली होती, छापील घेतलेल्याला ई-बुक फार तर 2.99 डॉलरला, कधी फुकटही. 2019 मध्ये ती गुंडाळली. मला ती त्यांच्या सगळ्या योजनांमध्ये सर्वांत शहाणी वाटायची.

"कुलूप नाही लावलं तर लोक फाइल फिरवतील की हो," तो म्हणाला.

फिरवतील. कुलूप लावलेल्याही फिरतातच, आणि त्या फिरवणारे माझ्याइतके रफार तपासत नाहीत. तो दोन दिवसांनी कळवतो म्हणाला. तोवर मी एकशे बाराव्या पानापर्यंत आले आहे.