खारट पापा
आज सकाळी भाचीच्या गालाचा पापा घेतला, ओठ खारट झाले. सिस्टिक फायब्रोसिस आहे तिला, म्हणजे घाम फार खारट आणि छातीत चिकट कफ करणारा जन्मजात जनुकीय आजार. गंगापूर रोडच्या घरात नेब्युलायझर घरघरतोय, ताई तिची पाठ थोपटतेय आणि मी मोबाइलवर जीन थेरपीचं, म्हणजे बिघडलेल्या जनुकाऐवजी चांगलं जनुक पेशीत पोहोचवायच्या उपचाराचं, वाचत बसलोय.

ज्याच्या बिघाडाने हा आजार होतो, ते सीएफटीआर जनुक १९८९ मध्येच सापडलं. मग घोडं अडलं कुठे? तर ज्या चिकट कफाने पोरीचा श्वास कोंडतो, तोच कफ श्वासातून दिलेलं चांगलं जनुकही पेशीपर्यंत पोहोचू देत नाही. बरं, विषाणूवर बसवून धाडलं, तर दुसऱ्या खेपेला शरीरच त्याला हुसकावतं. भलताच पहारेकरी!

ताईला हे सगळं उत्साहाने सांगितलं. ती म्हणाली, "बरं. आधी ती द्राक्षं धू, आणि मीठ लावून दे तिला."