मऊ पडलेले तीन हजार चमचे

गणपतीतला रविवार. पहाटे साडेपाचला कुपवाड एमआयडीसीतल्या आमच्या शेडचं कुलूप काढलं, पोत्यातून एक चमचा उचलला आणि वाकवून बघितला. तो मोडला नाही, ओल्या पुठ्ठ्यासारखा वाकला. दुसरा घेतला, तिसरा घेतला. तीन हजार चमचे बांधून तयार होते आणि रात्रभराच्या पावसाने सगळे मऊ पडले होते. दुपारी बाराला सांगलीतल्या एका मंडळाचा महाप्रसाद होता. भात, आमटी आणि गव्हाची खीर.

आम्ही खाता येणारे चमचे बनवतो. जतकडची शाळू ज्वारी, तांदूळ आणि गहू यांचं पीठ, थोडं मीठ, ओवा. शाळूच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो, म्हणून त्याची उकड काढावी लागते आणि गव्हाचा आधार द्यावा लागतो. नुसत्या ज्वारीचा चमचा साच्यातून निघतानाच तुटतो. कल्पना आमची नाही. हैदराबादच्या नारायण पीसपाटींनी ज्वारी, तांदूळ आणि गव्हाचे चमचे आमच्या कितीतरी आधी केले. त्यांचा व्हिडिओ बघितला तेव्हाच मनात आलं होतं, शाळू तर आपल्या दारात पिकतो.

चमचे मऊ पडले त्याला कारण मीच. आधी आम्ही ते प्लॅस्टिकच्या पिशवीत सील करून द्यायचो. ऑगस्टमध्ये एका शाळेत माहिती द्यायला गेले होते. आठवीतल्या मुलीने विचारलं, "मॅडम, चमचा खाल्ला, पण ही पिशवी कुठं टाकायची?" मला उत्तर देता आलं नाही. परत आले आणि त्याच आठवड्यात पिशव्या बंद करून खाकी कागदाची पाकिटं आणली. भाजलेली वस्तू हवेतला ओलावा ओढून घेते, कागद तो अडवत नाही, हे मला माहीत होतं. पण पॅकिंग आणि जेवण यांत एकाच रात्रीचं अंतर आहे, तेवढं निभेल असं धरून चालले. सप्टेंबरातली सांगलीची हवा मी जमेला धरलीच नाही.

मंडळाच्या कार्यकर्त्याला फोन केला. तो क्षणभर गप्प झाला, मग म्हणाला, "ताई, टेन्शन घेऊ नका. दुकानातनं प्लॅस्टिकचं आणतो. मिळत्यात अजून." १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे त्या चमच्यांवर, महाराष्ट्रात तर २०१८ पासून. आणि तरी मिळतात. मी म्हटलं, "दादा, ते आणू नका. बारापर्यंत जेवढे होतील तेवढे माझे घ्या. कमी पडले त्यांचे पैसे देऊ नका."

आमच्याकडच्या मावशी तोवर आल्या होत्या. त्यांनी चमचा हातात घेतला. "पापड मऊ पडलं की ऊन दावतो. ह्येला भट्टी दावायची. त्यात काय?"

करायचं तेच होतं, पण आमच्या ओव्हनला सहा ट्रे. एका ट्रेवर चाळीस चमचे. ११० अंशांवर पंचवीस मिनिटं, त्याहून जास्त तापवलं तर कडा करपतात. वाकलेला चमचा वाकडाच कडक होतो, म्हणून प्रत्येक हाताने सरळ करून ठेवायचा. मी, मावशी आणि दोन मुली, चौघींनी साडेसहाला सुरुवात केली. साडेनऊला लाइट गेली ती पाऊण तास आली नाही. त्या पाऊण तासात कुणी एकमेकींशी बोललं नाही, अंधारात बसून वाकडे चमचे निवडत राहिलो.

बाराला टेम्पोत दोन हजार चाळीस चमचे चढले.

मांडवात मी खीर वाढणाऱ्यांच्या मागे उभी होते. गरम खिरीत चमचा किती वेळ टिकतो याकडेच लक्ष होतं. टिकला. एका पोराने खीर यायच्या आधीच चमचा खाऊन टाकला आणि दुसरा मागितला. एका आजोबांनी चमचा न वापरता सदऱ्याच्या खिशात ठेवला, नातवासाठी. शेवटच्या पंगतींना चमचे उरलेच नाहीत. लोकांनी द्रोणातली खीर बोटांनी खाल्ली, कुणाची तक्रार नव्हती. हे बघून मला बरं वाटलं, हे खरं सांगते. प्लॅस्टिकवाचून अडतं ते आपल्याच डोक्यात.

मग उष्ट्याच्या बादल्यांपाशी गेले. साडेचारशेच्या आसपास चमचे न खाता टाकलेले होते. घरी जाईपर्यंत ते टोचत राहिलं. पण त्या बादल्या गोठ्यावर गेल्या, आणि म्हशीच्या पोटात प्लॅस्टिक गेलं नाही.

संध्याकाळी शेडमध्ये मावशी म्हणाल्या, "पापड कोण कागदात ठेवतंय व्हय? डबा लागतोय त्याला."

सोमवारी गणपती पेठेतून बेकरीवाले वापरतात तसे घट्ट झाकणाचे वीस पत्र्याचे डबे आणले. आता चमचे डब्यातून जातात, डब्याची अनामत घेतो, डबा परत आला की पैसे परत. पण गिऱ्हाइकाला देण्याआधी एक डबा भरून शेडच्या पागोळीखाली ठेवला. चार दिवस पाऊस लागून होता. पाचव्या दिवशी झाकण काढलं, मधला एक चमचा घेऊन मावशींच्या हातात दिला.

कट्‌कन मोडला.