घरच्या घरी व्हील अलाइनमेंट: कुठली हत्यारं घ्यावीत

हत्यारं घेण्याआधी गाडीचं सर्व्हिस मॅन्युअल उघडा आणि आपल्या गाडीत काय फिरवता येतं ते बघा. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या बहुतेक छोट्या गाड्यांत फक्त पुढचा टो (वरून पाहिल्यावर चाकं आत किंवा बाहेर किती वळलेली आहेत ते) जुळवायची सोय असते. कॅम्बर (समोरून पाहिल्यावर चाकाचा कल) आणि कॅस्टर (बाजूने पाहिल्यावर स्टीअरिंगच्या अक्षाचा कल) मोजता येतात, बदलता येत नाहीत. शिवाय टायर सगळ्यात भराभर खातो तो बिघडलेला टोच. त्यामुळे लेझरच्या महागड्या संचाआधी टो मोजायची साधी, भरवशाची साधनं घ्या.

सगळ्यात सोपी टो प्लेट. ॲल्युमिनियमच्या दोन प्लेट्स चाकांना बाहेरून टेकवायच्या, पुढे आणि मागे खाचांत मेजर टेप ताणायच्या. दोन आकड्यांतला फरक म्हणजे एकूण टो. दोन खाचांत 600 मिमी अंतर असेल तर 1 मिमी म्हणजे साधारण 0.1 अंश. वजनामुळे टायर खाली फुगलेला असतो, त्या फुगवट्याला प्लेट टेकली की माप गेलं. घेताना खालून मोकळी जागा सोडणारी प्लेट बघून घ्या. टेप अदलाबदल करून पुन्हा मोजा. फरक बदलला तर दोष टेपमध्ये आहे.

प्लेटमधून एकूण टो कळतो, पण कुठलं चाक वाकडं हे कळत नाही. त्यासाठी दोरा लागतो. गाडीच्या दोन्ही बाजूंना, हबच्या (चाकाच्या मधल्या भागाच्या) उंचीवर, स्टँडला घट्ट ताणलेला बारीक नायलॉनचा दोरा. इथे एक चूक हमखास होते: दोरा पुढच्या आणि मागच्या हबपासून सारख्याच अंतरावर धरला जातो. पुढच्या आणि मागच्या चाकांमधली रुंदी बहुधा वेगळी असते. सारखं हवं ते डावं आणि उजवं अंतर, प्रत्येक ॲक्सलवर स्वतंत्रपणे. मग रिमच्या पुढच्या आणि मागच्या कडेपासून दोऱ्यापर्यंत मोजा. रिमवर 0.1 अंश म्हणजे जेमतेम 0.7 मिमी, म्हणून इथे टेप नको, अर्ध्या मिलिमीटरच्या खुणा असलेली स्टीलची पट्टी घ्या.

कॅम्बरसाठी 0.1 अंश दाखवणारा डिजिटल अँगल गेज पुरतो. साधा ओळंबाही चालतो: 400 मिमीच्या रिमवर वरच्या आणि खालच्या कडेत 7 मिमी फरक म्हणजे 1 अंश. मात्र जमीन समपातळीत हवी. 1500 मिमी रुंदीत 13 मिमी उतार असेल तर अर्ध्या अंशाची चूक तिथेच होते. पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने पातळी बघा आणि खालच्या चाकाखाली फरशीचे तुकडे घाला.

जॅकवरून उतरवलेली गाडी लगेच मोजू नका. चाकं आत ओढलेली राहतात, सस्पेन्शन बसलेलं नसतं. गाडी दोन-तीन मीटर पुढे-मागे ढकला, किंवा प्रत्येक चाकाखाली मध्ये ग्रीस लावलेल्या दोन गुळगुळीत फरश्या ठेवा. मोजमाप तीनदा घ्या. आकडे मिलिमीटरभराच्या आत आले नाहीत तर पाना उचलू नका. आधी चाक उचलून, डावी-उजवीकडून धरून हलवून बघा. टाय रॉड एंड (स्टीअरिंगला चाकाशी जोडणाऱ्या दांड्याचं टोक) ढिला असेल तर कुठलंच माप टिकणार नाही.

पाने दोन: लॉक नटचा आणि टाय रॉडच्या चपट्या भागाचा. जोडीला गंज सोडवणारं तेल. रॉड फिरवण्याआधी रबरी बूटची (रॉडवरच्या आवरणाची) क्लिप सैल करा आणि तिथे सिलिकॉन ग्रीस लावा, नाहीतर बूट पिळतो आणि फाटतो. दीड मिमी पिचच्या आट्यावर रॉडचा एक पूर्ण फेरा टायरवर बरेचदा 6-7 मिमी फरक पाडतो, म्हणून पाव फेऱ्याने पुढे जा. स्टीअरिंग आधीच सरळ असेल तर दोन्ही बाजूंना सारखंच फिरवा. गाडीखाली हात घालताना गाडी जॅकवर नव्हे, जॅक स्टँडवर टेकलेली असू द्या आणि उरलेल्या चाकांना ओट (गाडी घरंगळू नये म्हणून ठोकळा) लावा.

कॅमेऱ्यावर चालणारी लेन असिस्ट (गाडी लेनमध्ये ठेवायला मदत करणारी यंत्रणा) असेल तर टो बदलल्यावर स्टीअरिंग सेन्सर आणि कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन लागू शकतं. मॅन्युअलमध्ये ते आधीच बघून ठेवा, हे काम या हत्यारांनी होत नाही.