पेढीवरचा ब्राउझर तीन वर्षे एकाच जागी का थांबला होता

सांगलीच्या मार्केट यार्डात माझ्या मामांची हळदीची अडत पेढी आहे. २०२५ च्या मार्चमध्ये सौदे जोरात असताना एके दुपारी तिथल्या दिवाणजींचा फोन आला. बँकेचे संकेतस्थळ ‘तुमचा ब्राउझर जुना आहे, तो अपडेट करा’ एवढेच सांगत होते आणि पुढे जाऊ देत नव्हते. कवठेमहांकाळकडचे एक शेतकरी विक्रीच्या हिशेबाची पट्टी हातात घेऊन समोर बसले होते आणि त्यांची रक्कम त्याच दिवशी खात्यावर जमा व्हायला हवी होती. मामांनी स्वतः बँकेत जाऊन आरटीजीएसचा अर्ज भरला, त्यामुळे त्या दिवसाचे काम अडले नाही. मी विश्रामबागेतून यार्डात पोहोचले, तेव्हा दिवाणजी तिथला ब्राउझर, म्हणजे गूगल क्रोम, काढून टाकून नव्याने घालण्याच्या तयारीत होते. त्यांना मी आधी थांबवले.

थांबवण्याचे कारण असे, की ब्राउझर काढताना ‘ब्राउझिंग डेटाही पुसून टाका’ अशी एक चौकट समोर येते आणि घाईत तिच्यावर खूण झाली, तर जपून ठेवलेले सगळे पासवर्ड आणि बुकमार्क जातात. डेटाचे फोल्डर पेन ड्राइव्हवर घेतले म्हणजे भागले, असेही नाही. त्यातले पासवर्ड विंडोजच्या त्या खात्याशी बांधून कुलूपबंद केलेले असतात, त्यामुळे ते फोल्डर दुसऱ्या संगणकावर ठेवले तरी पासवर्ड उघडत नाहीत. पेढीचे बँकेचे, जीएसटीचे आणि ई-वे बिलाचे सारे व्यवहार त्या एका ब्राउझरवर चालत होते. म्हणून आधी पासवर्डची यादी निर्यात करून घेतली आणि काम संपल्यावर ती फाइल आठवणीने पुसून टाकली, कारण त्या फाइलमध्ये पासवर्ड कोणालाही वाचता येतील असे उघडे असतात.

पहिली गोष्ट लक्षात आली ती घड्याळाची. दिवाणजी म्हणाले, “ताई, तारीख तर रोज सकाळी मीच घालतो की. रात्री मेन स्विच बंद केला, की हे घड्याळ मागं जातंय.” हे ते इतक्या सहजपणे सांगत होते, की त्यात काही बिघाड असेल असे त्यांच्या मनातही आले नव्हते. प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळाच्या प्रमाणपत्राला, म्हणजे त्याची ओळख पटवणाऱ्या डिजिटल दाखल्याला, सुरुवातीची आणि शेवटची तारीख असते. संगणकाची तारीख त्या मुदतीबाहेर गेली, की ब्राउझर ‘तुमचे घड्याळ मागे आहे’ असे सांगून पान उघडायचे नाकारतो, आणि अपडेटची चौकशीही अशाच सुरक्षित जोडणीवरून होत असल्यामुळे तीही अडू शकते. हा संगणक २०१९ च्या महापुरात जुना संगणक गेल्यावर घेतलेला, म्हणजे वीज बंद असताना घड्याळ चालू ठेवणारा आतला सेल साडेपाच वर्षांचा. मदरबोर्डवरचा, म्हणजे संगणकातल्या मुख्य पट्टावरचा, हा सेल सीआर २०३२ या क्रमांकाचा, रुपयाच्या नाण्यासारखा चपटा आणि ३ व्होल्टचा असतो. वायर काढून, बाजूची खिट्टी दाबून जुना सेल उचलला आणि अधिक चिन्हाची बाजू वर ठेवून नवा बसवला. मुख्य स्विच दोनदा बंद-चालू करून पाहिला; तारीख जागेवर राहिली.

अपडेट मात्र तरीही झाले नाही. उजव्या कोपऱ्यातले तीन ठिपके, मग मदत, मग ‘गूगल क्रोमविषयी’ असे गेल्यावर वर्तुळ थोडा वेळ फिरले आणि एक लांबलचक क्रमांक दाखवून थांबले. बहुतेक जण हा क्रमांक न वाचताच खिडकी बंद करतात, आणि मला वाटते नेमकी चूक तिथेच होते. त्या क्रमांकाचे शेवटचे चार अंक ०४२२ होते. विंडोजच्या भाषेत त्याचा अर्थ ठरलेला आहे: जी सेवा (पडद्यामागे चालणारा प्रोग्राम) सुरू करायला सांगितली, ती बंद करून ठेवलेली आहे. म्हणजे ब्राउझर बिघडलेला नव्हता. त्याच्यासाठी अपडेट आणणारी सेवा कोणीतरी मुद्दाम बंद केलेली होती.

कधी केली असेल, याचे उत्तर त्याच पानावर मिळाले. आवृत्तीचा आकडा १०० होता. क्रोमची १०० वी आवृत्ती २९ मार्च २०२२ रोजी आली आणि १०१ वी २६ एप्रिलला, तेव्हा जे काही झाले ते या दोन तारखांच्या आसपासचे असणार. मी दिवाणजींना त्या उन्हाळ्याबद्दल विचारले आणि त्यांना लगेच आठवले. रस्त्याच्या खोदकामात ब्रॉडबँडची केबल तुटली होती, दीड-दोन महिने सगळे काम मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालले होते आणि रोजचा डेटा दुपारीच संपत होता, म्हणून संगणक दुरुस्तीवाल्याने “अपडेट बंद करून देतो, डेटा वाचेल” असे सांगून ते बंद केले होते. त्या वेळी तो निर्णय योग्यच होता, आणि मी त्या माणसाला मुळीच दोष देत नाही. केबल जोडून आली, हॉटस्पॉट सुटला, पण अपडेट पुन्हा चालू करायचे कोणाच्याच ध्यानात राहिले नाही, कारण ते बंद असल्याची नोंद कुठेही नव्हती.

पुढचे काम दहा मिनिटांचे होते. विंडोजच्या सेवांच्या यादीत गूगल अपडेटच्या दोन सेवा ‘डिसेबल्ड’ होत्या. त्यांतली एक स्वयंचलित, उशिरा सुरू होणारी आणि दुसरी मॅन्युअल अशी पूर्ववत केली. ठरलेल्या वेळी कामे आपोआप चालवणाऱ्या टास्क शेड्यूलरमध्ये त्याच नावाची दोन कामे बंद होती, तीही चालू केली. क्रोमच्या नव्या आवृत्त्यांमध्ये या सेवांची नावे थोडी वेगळी दिसतात, पण ‘गूगल अपडेटर’ हे शब्द त्यांत असतात. मग तेच पान पुन्हा उघडले. वर्तुळाच्या जागी टक्के दिसू लागले आणि ते शंभरावर पोहोचेपर्यंत दिवाणजी माझ्या खुर्चीमागे उभे होते.

इथे आणखी एक गोष्ट सांगायला हवी. अपडेट उतरून घेतले म्हणजे ते लागू झाले असे नव्हे. ब्राउझर बंद करून पुन्हा उघडल्यावरच नवी आवृत्ती चालू होते. जे लोक संगणक नुसता स्लीपवर ठेवतात आणि ब्राउझर आठवडेच्या आठवडे उघडा ठेवतात, त्यांचे अपडेट केवळ एवढ्यासाठी खोळंबलेले असते. क्रोमची मोठी आवृत्ती साधारण दर चार आठवड्यांनी येत असे आणि २०२३ पासून सुरक्षिततेच्या दुरुस्त्या जवळजवळ दर आठवड्याला येतात. त्यामुळे पैशांचे व्यवहार करणाऱ्या पेढीने निदान संध्याकाळी ब्राउझर पूर्ण बंद करावा, असे मी आग्रहाने सांगते.

हे ऐकून शेजारच्या पेढीवरून बोलावणे आले, पण तिथे करण्यासारखे काही नव्हते. त्यांचा संगणक विंडोज ७ वर होता आणि त्यावर क्रोमची १०९ ही शेवटची आवृत्ती. ११० पासून विंडोज १० किंवा त्यापुढचे लागते. तिथे कितीही वेळा बटण दाबले तरी पुढची आवृत्ती येणार नाही. विंडोज ७ साठी फायरफॉक्स या दुसऱ्या ब्राउझरची दीर्घ मुदतीची ११५ ही आवृत्ती मी त्यांना घालून दिली, मात्र ती तात्पुरती सोय असल्याचे आणि बँकेचे काम नव्या संगणकावर न्यावे लागेल, हेही स्पष्ट सांगितले.

निघण्यापूर्वी दिवाणजींनी संगणकाच्या खोक्यावर एक कागद चिकटवला आणि त्यावर रोजमेळाच्याच वळणदार अक्षरात लिहिले: सेल बदलला, अपडेट सेवा चालू केली, तारीख अमुक. त्याखाली त्यांनी चार ओळींची जागा मोकळी ठेवली आहे.