स्टॉपरची ट्रान्सफर: क्लब मिळाला, जुन्या क्लबचं ओके मिळेना (माझा अनुभव)

गोव्यात येऊन खेळायला लागलो, टीममध्ये जागा पण पक्की झाली, तरी त्या ट्रान्सफरचा राग अजून डोक्यातनं गेलेला नाही, म्हणून सगळं लिहून काढतोय. कोल्हापुरातनं, पुण्या-मुंबईतनं बाहेरच्या राज्यात खेळायला जाणाऱ्या पोरांना उपयोग होईल. खासकरून बॅकला खेळणाऱ्यांना (मी स्टॉपर, म्हणजे मधला डिफेंडर), कारण फॉरवर्डला निदान गोलच्या क्लिपा तरी असतात, स्टॉपरनं नव्वद मिनिटं लाईन धरून ठेवली, एकाला पण आत सोडलं नाही, ह्याची क्लिप कोण काढतंय?

मी कोल्हापूरच्या पेठेतला. शाहू स्टेडियमवर तालमीच्या टीमकडनं (आपल्याकडं तालमींच्या फुटबॉल टीमा असतात) खेळत मोठा झालो. आपल्याकडं फुटबॉल म्हणजे काय ते कोल्हापूरकराला सांगायला नको, लीगची मॅच असली की दुपारीच दुकानं अर्धी बंद आणि हरलो की आठवडाभर कट्ट्यावर तोंड दाखवायची सोय नाही. पण प्रेम भरपूर मिळालं तरी वर्षभराचा पगार त्यातनं निघत नाही. २०१७ च्या अंडर-१७ वर्ल्ड कपला आपला अनिकेत जाधव भारताकडनं खेळला तेव्हापासनं पेठेतलं प्रत्येक पोरगं फॉरवर्ड व्हायचं म्हणतंय. मी उंच आणि हेडिंग चांगलं, म्हणून सरांनी मला मागं ठेवला आणि मला ते मनापासून आवडलं. नंतर महाराष्ट्रातल्याच एका क्लबकडं गेलो, नाव घेत नाही. राहायची-जेवायची सोय, महिन्याला ठरलेले पैसे हातात, रजिस्ट्रेशन अमॅच्युअर म्हणून आणि कागदावर दुसरं काही नाही. तिथल्या सगळ्या पोरांचं असंच होतं.

महाराष्ट्रात थांबून पण किती थांबायचं? महिंद्रा युनायटेड २०१० ला बंद झाला, पुणे एफसी गेला, मुंबई एफसी २०१७ ला आय-लीग ह्या देशाच्या लीगमधनं खाली गेला आणि मग संपलाच, एफसी पुणे सिटी २०१९ ला बंद झाला आणि ती जागा हैदराबादला गेली. एवढे क्लब डोळ्यांसमोर बंद झाल्यावर बाहेर बघावंच लागतं. गोवा आपल्याला जवळ, घाट उतरला की आलंच, भाषेची अडचण नाही, आणि बॅक लोकांना तिथं मान आहे. महेश गवळी, समीर नाईक असले डिफेंडर ज्या धेंपोकडनं खेळले त्या क्लबनं देशाची लीग पाच वेळा जिंकलीय.

ट्रायल, मेडिकल वगैरे झालं पटापट, त्यात सांगण्यासारखं काही नाही. कोचनी दुसऱ्या दिवशी बोलावून सांगितलं, घेतो तुला, एक सीझनचं प्रोफेशनल कॉन्ट्रॅक्ट. घरी फोन केला तर आई आधी खूश झाली आणि मग रडली. मला वाटलं झालं काम.

खरं काम तिथनं पुढं.

फेडरेशनची (एआयएफएफ, देशाची फुटबॉल संघटना) सीआरएस नावाची ऑनलाइन सिस्टीम आहे, सेंट्रलाइज्ड रजिस्ट्रेशन सिस्टीम. रजिस्टर झालेल्या प्रत्येक खेळाडूचा त्यात एक आयडी असतो आणि तो कुठल्या क्लबचा ते त्यात दिसतं. नव्या क्लबनं माझ्यासाठी रिक्वेस्ट टाकली. ती आधी जुन्या क्लबकडं गेली, त्यांनी ओके केलं की मग पुढं दोन्ही राज्यांच्या संघटना, कारण हे एका राज्यातनं दुसऱ्या राज्यात जाणं झालं. ह्या सगळ्यात खेळाडूच्या हातात एकपण बटण नसतं. तुमचं करिअर आहे, पाय तुमचे आहेत, पण क्लिक दुसऱ्यानं करायचं.

आणि माझ्या जुन्या क्लबमध्ये ते क्लिक करणारा माणूस एकच, सेक्रेटरी. पासवर्ड त्यांच्याकडं. पहिल्यांदा फोन केला तर म्हणाले, "करतो की, तुझं काय अडवून ठेवायचंय आम्हाला." मी पण निवांत झालो. चार दिवसांनी परत केला तर बाहेरगावी. मग म्हणाले सिस्टीम चालत नाही. मग म्हणाले कमिटीची मीटिंग झाल्याशिवाय कसं करू. मीटिंग कधी, तर अध्यक्ष येतील तेव्हा. मी सर सर करत अगदी अदबीनं बोलायचो, कारण चिडून बोललो तर अजून अडवतील ही भीती. इकडं आमच्या क्लबचे मॅनेजर रोज सकाळी ग्राउंडवर विचारायचे, "जालें?" आणि मी मान हलवायचो.

शेवटी रात्रीची बस पकडून स्वतः गेलो. ऑफिस म्हणजे वरच्या मजल्यावर एक खोली, कपाटात कप, भिंतीवर टीमचा फोटो, त्या फोटोत मागच्या रांगेत मी पण उभा. तासभर बाहेर बसवलं. आत गेलो तर आधी किटचा विषय. ट्रॅकसूट, बॅग, दोन जर्सी परत दे. मी ते सगळं घेऊनच गेलो होतो, टेबलावर ठेवलं. मग दुसरा विषय निघाला, आम्ही तुला घडवला, ट्रेनिंग कॉम्पेन्सेशन भरावं लागेल. आकडा सांगितला तो माझ्या नव्या कॉन्ट्रॅक्टच्या कित्येक महिन्यांच्या पगाराएवढा. मला घडवला पेठेतल्या सरांनी, संध्याकाळच्या वेळी, एक पैसा न घेता, आणि पैसे मागतायत हे. मी तिथं काही बोललो नाही, पण बसमध्ये रात्रभर डोळा लागला नाही.

इथं थांबून एक सांगतो, हे नीट वाचा. ट्रेनिंग कॉम्पेन्सेशन ही खरी गोष्ट आहे, फिफाच्या नियमात आहे, पण ती नवीन क्लबनं जुन्या क्लबला द्यायची असते, खेळाडूनं खिशातनं नाही. आणि ती वयाच्या तेविसाव्या वर्षापर्यंतच्या खेळाडूंसाठी असते. मी पंचविशी ओलांडलेला. म्हणजे ज्याच्यावर माझी झोप उडाली ते मला लागूच नव्हतं. हे मला आमच्या मॅनेजरनी शांतपणे समजावून सांगितलं तेव्हा रडायचंच बाकी राहिलं होतं. अशा वेळी कुणी रोख मागितलं तर देऊ नका. 'लेखी द्या, कशाचे पैसे आणि कुठल्या नियमानं' एवढंच म्हणा. लेखी कुणी देत नाही.

तोपर्यंत इकडं ऑगस्ट सरत आला होता. उन्हाळी विंडो (ट्रान्सफर करायची ठरलेली मुदत) साधारण ऑगस्टअखेर बंद होते, म्हणजे तेवढ्यात नाही झालं तर थेट जानेवारीचा विचार. माझी हालत अशी की रोज सकाळी टीमबरोबर ट्रेनिंग करायचं, पावसात चिखलात लोळून टॅकल करायचे, आणि मॅचच्या दिवशी टीम शीटवर नाव नाही म्हणून म्हापशाला धुळेरच्या स्टेडियममध्ये साध्या कपड्यात वर बसायचं. फॉरवर्ड एकटा पण चमकू शकतो, स्टॉपरचं तसं नाही, शेजारच्या स्टॉपरबरोबर जोडी जमावी लागते. कोण पुढं जाऊन बॉल तोडणार, कोण मागं कव्हर देणार, ऑफसाइडला लाईन कधी वर न्यायची, हे मॅच खेळूनच जमतं. माझ्या जागेवर दुसरा पोरगा खेळत होता आणि चांगला खेळत होता. त्याच्यावर राग नव्हता, पण प्रत्येक मॅचबरोबर माझी जागा जातीय हे दिसत होतं.

सुटलं कसं ते सांगतो. आम्ही फोन करायचे बंद केले. मॅनेजरनी सगळं इमेलवर आणलं. रिक्वेस्ट कुठल्या तारखेला टाकली, तेव्हाचा स्क्रीनशॉट, किट परत दिल्याची पोच (ही मी त्यांच्या शिपायाकडनं तारीख टाकून सही करून घेतली होती, ह्याचा मला आजपण अभिमान वाटतो), माझं लेखी पत्र की माझं कुठलंही कॉन्ट्रॅक्ट शिल्लक नाही आणि मला सोडा. पत्र रजिस्टर पोस्टानं पण पाठवलं. आणि इमेलची कॉपी फेडरेशनला. मजकुरात एक पण शिवी नाही, एक पण आरोप नाही, फक्त तारखा. त्याच सुमारास पेठेतल्या एका जुन्या खेळाडू काकांनी जुन्या क्लबच्या अध्यक्षांना फोन लावला, दोघं एकेकाळी एकमेकांविरुद्ध खेळलेले. इमेलनं झालं की काकांच्या फोननं, मला माहीत नाही. पण एका संध्याकाळी मॅनेजरचा मेसेज आला, ओके आलं. एवढे दिवस जे होत नव्हतं ते एका मिनिटाचं काम निघालं. संघटनांकडचं पुढचं पटकन झालं, विंडो बंद व्हायच्या आत.

पहिली मॅच खेळलो तेव्हा पहिल्याच कॉर्नरला हेडरनं बॉल बाहेर काढला आणि एवढ्या जोरात ओरडलो की गोलकीपर बघायलाच लागला.

आता जसं आठवतंय तसं. कॉन्ट्रॅक्ट असो नसो, क्लबमध्ये सही केलेल्या प्रत्येक कागदाचा फोटो काढून ठेवा, जागेवरच. पगार बँकेत मागा. फिफाच्या व्याख्येत लेखी कॉन्ट्रॅक्ट आणि खर्चापेक्षा जास्त पैसे मिळत असतील तर खेळाडू प्रोफेशनल, म्हणजे कागद नसेल तर तुम्ही कितीही चांगले खेळा, अमॅच्युअरच धरणार. प्रोफेशनलचं कॉन्ट्रॅक्ट विंडो बंद व्हायच्या आधी संपलेलं असेल तर फिफाच्या नियमात विंडोनंतर पण रजिस्ट्रेशनला वाट आहे, हे क्लबला विचारा, ते आपणहून सांगत नाहीत. कॉन्ट्रॅक्टमध्ये दुखापतीचा खर्च कोण करणार ते लिहून घ्या. स्टॉपरचा गुडघा कधी जाईल सांगता येत नाही आणि एसीएलचं (गुडघ्यातल्या लिगामेंटचं) ऑपरेशन म्हणजे बहुतेक अख्खा सीझन घरात.

वय झालं म्हणून घाबरू नका, बॅकवाले उशिराच पिकतात. अनस एडाथोडिका आधी मुंबई एफसी, मग पुणे एफसी अशी कित्येक वर्षं आपल्याच राज्यात खेळला आणि भारताकडनं पहिली मॅच २०१७ ला मिळाली, तिशीत. आपला मुंबईचा राहुल भेके बघा, २०१९ ची आयएसएल (इंडियन सुपर लीग) फायनल मुंबईतच, गोव्याविरुद्ध, एक्स्ट्रा टाइममध्ये कॉर्नरवर हेडर मारून बेंगळुरूला जिंकून दिली त्यानं. गोव्यात हे सांगितलं की आमचे टीममेट अजून तोंड फिरवतात.

अजून एक राहिलं. बाहेर रजिस्टर असताना पेठेच्या टूर्नामेंटला उतरायचं तर आधी क्लबची लेखी परवानगी घ्या. एका सीझनमध्ये तीनच क्लबात रजिस्टर होता येतं आणि त्यातल्या दोघांकडूनच अधिकृत मॅच खेळता येते, असा फिफाचा नियम आहे. हिवाळा आला की तालमीतनं फोन येणारच आणि नाही म्हणायला जड जातं, मला पण जातं. मी त्यांना सरळ सांगितलंय, ३१ मेपर्यंत मी गोव्याचा, पुढचं जूनमध्ये बोलू.