आधी ग्राँव्हिलची बाग, मग पॅरिस: क्रिस्तियान डिओरच्या शोधात

पॅरिसला गेल्यावर फ्रेंच फॅशनकार क्रिस्तियान डिओर पाहायचा म्हणजे अ‍ॅव्हेन्यू मोंतेनवरून एक चक्कर मारायची आणि शेजारच्या डिओर गॅलरीत, म्हणजे त्याच्या पोशाखांच्या संग्रहालयात, फोटो काढायचे, असाच बहुतेकांचा बेत असतो. माझं म्हणणं असं की एक दिवस मोकळा ठेवा आणि आधी नॉर्मंडीतल्या ग्राँव्हिलला जाऊन या. मी शिवणकाम करते, त्यामुळे कपडा दिसला की माझे डोळे आधी घेर आणि टक्सकडे जातात. पण डिओरच्या घेराला तसा आकार का आहे, हे मला त्या समुद्रकाठच्या बागेत उमगलं.

पॅरिसच्या मोंपार्नास स्टेशनवरून ग्राँव्हिलला थेट गाडी आहे, तीन-साडेतीन तासांची. ही गाडी मुख्य फलाटांवरून न सुटता बहुतेक वेळा स्टेशनच्या पार मागच्या व्होजिरार भागातून सुटते. मेट्रोतून उतरून तिथपर्यंत चालायलाच दहा-पंधरा मिनिटं जातात, तेवढा वेळ हाताशी ठेवा. दिवसाला गाड्या मोजक्याच असतात, म्हणून परतीचं तिकीट आधीच काढून ठेवलेलं बरं. ग्राँव्हिल स्टेशनपासून घरापर्यंत रमतगमत अर्ध्या तासाची वाट आहे, शेवटी थोडा चढ लागतो.

घराचं नाव ‘ले रंब’. समुद्रावर झुकलेल्या कड्यावरचं गुलाबी घर, भोवती करड्या खडीच्या वाटा. गुलाबी आणि करडा हे दोन रंग आयुष्यभर आपले लाडके राहिले, असं डिओरने स्वतःच आठवणींत लिहिलंय. २१ जानेवारी १९०५ रोजी तो याच गावात जन्मला. वडील मोरीस यांचा खतांचा कारखाना होता, घरात पैसा होता. बाग मात्र आईची, मादलेनची. खाऱ्या वाऱ्याच्या त्या कड्यावर गुलाब जगवणं किती चिकाटीचं काम असेल, ते तिथे पाच मिनिटं उभं राहिलं की कळतं. मी गेले तेव्हा छत्री उघडायची सोय नव्हती, एवढा वारा. झाडांच्या आणि भिंतींच्या आडोशाने तिने फुलांसाठी शांत कोपरे तयार केले होते. लहान क्रिस्तियान बियाण्यांच्या कॅटलॉगमधली फुलांची नावं आणि वर्णनं पाठ करायचा. बागेतला पाण्याचा हौद आणि वेलींचा मांडव त्याने तरुणपणी स्वतः आखलेला.

बाग नगरपालिकेची आहे आणि ती पाहायला पैसे पडत नाहीत. घरात आता संग्रहालय आहे, १९९७ पासून. तिथे कायमची मांडणी नसते, वर्षागणिक नवा विषय घेऊन प्रदर्शन भरतं आणि हिवाळ्यात घर बंद असतं. तारखा पाहूनच निघा. डिओर कुटुंबाचं जुनं सामानसुमान पाहायला मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका. पण प्रवेशाशीच जमिनीवर दिशाचक्राची नक्षी आहे, ती न पाहता पुढे जाऊ नका. वरच्या मजल्याच्या खिडकीतून समुद्र दिसतो आणि हवा स्वच्छ असेल तर शोजे बेटंही.

हे घर त्यांच्या हातून गेलं. १९३१ मध्ये आई वारली, त्याच सुमाराला मंदीत वडिलांचा धंदा बुडाला. क्रिस्तियानने मित्राबरोबर १९२८ मध्ये चित्रांची गॅलरी काढली होती (वडिलांनी पैसे दिले ते दुकानावर घराण्याचं नाव लावायचं नाही या अटीवर!), तीही बंद पडली. मग क्षयाचं आजारपण, हातात दमडी नाही. टोप्यांची आणि कपड्यांची रेखाटनं विकून त्याने दिवस काढले. १९३८ मध्ये रॉबेर पिगे आणि युद्धाच्या काळात ल्युसियाँ लुलाँ या फॅशनकारांकडे नोकरी केली. स्वतःचं नाव दारावर लागलं तेव्हा तो चाळिशी ओलांडून गेला होता. मला या माणसाबद्दल सर्वात जास्त आदर वाटतो तो यासाठी.

जेवणाचं सांगते. ग्राँव्हिल मासळीचं बंदर आहे, शिंपले आणि समुद्री गोगलगायी ही तिथली खासियत. शाकाहारी असाल तर कुट्टूच्या पिठाची गालेत मागा, आपल्या घावनासारखी जाळीदार असते. चीज, मशरूम घालून देतात, फक्त हॅम नको हे आधीच सांगा. बागेतून खाली किनाऱ्याकडे पायवाट जाते, पण तिथे भरती-ओहोटीतला फरक १४ मीटरपर्यंत जातो. वेळापत्रक पाहिल्याशिवाय वाळूत लांबवर चालत जाऊ नका.

आता पॅरिस. ‘ला गॅलरी डिओर’चं दार फ्राँस्वा प्रमिए रस्त्यावर ११ क्रमांकाला आहे. मेट्रोची फ्रँकलिन रूझवेल्ट किंवा आल्मा-मार्सो ही स्टेशनं जवळची. तिकीट ऑनलाइन काढा आणि सकाळची पहिली वेळ घ्या, नाहीतर गोल जिन्यापाशी गर्दीत अडकाल. त्या जिन्याच्या कडेने छोटे छोटे ड्रेस, बूट, टोप्या रंगांच्या क्रमाने काचेआड लावल्या आहेत. सगळे तिथेच फोटो काढत थांबतात. तुम्ही पुढे चला.

‘बार’ सूट समोर आला की मात्र थांबा. १२ फेब्रुवारी १९४७ रोजी याच इमारतीच्या दुसऱ्या दारी, ३० अ‍ॅव्हेन्यू मोंतेनला, डिओरचं पहिलं कलेक्शन सादर झालं, त्यातला हा पोशाख. हस्तिदंती रेशमी जॅकेट आणि काळा लोकरी घेरदार स्कर्ट. मी काचेला नाक लावून पाहिलं: कंबर टक्सनी आवळलेली, आणि तिथून खाली जॅकेटची झालर आतून भरून बाहेर उचललेली, त्यामुळे कंबर आहे त्याहून बारीक दिसते. स्कर्टच्या चुण्या वर घट्ट आणि खाली मोकळ्या होत जातात. या कलेक्शनमधल्या एका आकृतीचं नावच ‘कोरोल’ होतं, फुलाच्या पाकळ्यांचं वर्तुळ. ग्राँव्हिलचे गुलाब पाहून आलेल्या माणसाला ते वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

‘हार्पर्स बझार’ या अमेरिकी फॅशन मासिकाच्या संपादिका कार्मेल स्नो यांनी याला ‘न्यू लुक’ म्हटलं आणि तेच नाव रूढ झालं. पण सगळ्यांना ते रुचलं नव्हतं. युद्धानंतर कापडाची टंचाई होती. मोंमार्त्रच्या र्‍यू लपिकवर फोटो काढताना चिडलेल्या बायकांनी एका मॉडेलचे कपडे ओढून फाडले होते. डिओरच्या मागे पैसा होता मार्सेल बुसाक या कापड गिरणीमालकाचा, तेव्हा कापड जास्त लागणारी फॅशन त्याच्याही फायद्याची होती. हे ठाऊक असलं तरी तो घेर पाहताना माझा जीव हरखतो.

त्याच वर्षी ‘मिस डिओर’ अत्तर आलं, ते बहीण कातरीनच्या नावाने. ती नाझींविरुद्धच्या फ्रेंच प्रतिकार चळवळीत होती, १९४४ मध्ये पकडली गेली आणि राव्हेन्सब्रुकच्या छळछावणीत पाठवली गेली. जिवंत परतली आणि पुढे फुलांचा व्यापार करू लागली. अत्तराच्या बाटल्यांच्या दालनात हे लक्षात ठेवून फिरा.

पांढऱ्या सुती कापडात शिवलेल्या नमुन्यांची खोली मला सर्वात आवडली. आपल्याकडे ब्लाउजचा माप-नमुना मांजरपाटात काढतात, तसंच काम. रंग आणि भरतकाम नसल्याने कापणी उघडी दिसते. दालनांमध्ये उजेड कमी असतो, कारण जुन्या कापडाला प्रकाश बाधतो. डोळे सरावू द्या, घाई करू नका. शिवणाऱ्यांनी वहीत रेखाटनं करावीत, फोटोत शिवण नीट येत नाही. एखादी कारागीर टेबलाशी काम करताना दिसली तर जवळ जाऊन पाहा.

डिओरच्या हाती स्वतःच्या नावाची फक्त दहा वर्षं आली. २४ ऑक्टोबर १९५७ रोजी इटलीतल्या मोंतेकातिनी इथे तो वारला आणि त्याचा सहायक, एकवीस वर्षांचा इव्ह सँ लोराँ, याने सूत्रं हाती घेतली. मुंबईकरांना डिओरचं हे फॅशन घराणं आता परकं राहिलेलं नाही: ३० मार्च २०२३ रोजी डिओरच्या तेव्हाच्या मुख्य डिझायनर मारिया ग्रात्सिया क्युरी यांनी गेटवे ऑफ इंडियासमोर फॅशन शो केला, त्यातलं भरतकाम मुंबईच्या चाणक्य कार्यशाळेतलं होतं. गॅलरीत अलीकडचे भरजरी पोशाख दिसले तर त्यांतला टाका ओळखीचा वाटेल.

डिओरची कबर दक्षिण फ्रान्समध्ये कालियाँ गावी आहे, जवळच त्याचं ‘ला कोल नुआर’ हे घरही. घर खाजगी असल्याने मी तिकडे वाट वाकडी केली नाही. गॅलरी मंगळवारी बंद असते. मौसमात जाणार असाल आणि ग्राँव्हिलचं संग्रहालय त्या दिवशी उघडं असेल, तर मंगळवार ग्राँव्हिलला द्या आणि बुधवार सकाळचं तिकीट पॅरिसचं काढा.