तुम्ही विचारलंत म्हणून: दाखला येईपर्यंत पोराचं काय?

"बाई, दाखला अजून आला नाय, तवर पोराचं काय?" मंडणगडकडच्या वाड्यांतल्या आया मला हे सारखं विचारतात. दाखला म्हणजे दिव्यांगत्वाचा. मी विशेष शिक्षिका आहे. माझं उत्तर एकच, थांबू नका.

दाखल्याची तपासणी दिव्यांगत्वाचे टक्के ठरवते. मूल फळ्यापासून किती अंतरावर बसवायचं, कुठल्या आवाजाला मान वळवतं, पेन्सिल कशी धरतं, हे त्या टक्क्यांत नसतं. ते वर्गात त्याच्याशेजारी बसूनच कळतं, आणि त्यासाठी कुणाची सही लागत नाही. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातही हा फरक आहे. कलम ३१ मधलं मोफत शिक्षण ४० टक्के किंवा त्याहून जास्त असलेल्यांसाठी. पण शाळेनं मुलाच्या गरजेप्रमाणे सोय करायची, हे सांगणाऱ्या कलम १६ ला टक्क्यांची अट नाही. अध्ययन अक्षमता, म्हणजे वाचन, लेखन किंवा गणित शिकायला येणारी अडचण, लवकरात लवकर ओळखा, असंही त्याच कलमात आहे. तिचा दाखला मात्र साधारण तिसरीत, आठव्या वर्षी निघतो. म्हणजे पहिली-दुसरी नुसती वाट बघायची? शाळा "दाखला आणा, मग बघू" म्हणते तेव्हा मला खरंच चीड येते.

उशीर का होतो, ते इथल्या माणसाला सांगायला नको. बापूस मुंबईला, कागदपत्रं त्याच्याकडे, तो येणार गणपतीला. तज्ज्ञ डॉक्टर ठरावीक वारीच बसतात. रत्नागिरी शंभर किलोमीटरच्या वर. पहाटेची एसटी धरून जावं आणि एका झेरॉक्सपायी परत यावं. त्यात घरची आजी म्हणते, "ह्याचा बापूस पण उशिराच बोललेला." देवीला गाऱ्हाणं घातलेलं असतंच. घाला की, पण कानही तपासा. जन्मजात बहिरेपणाची चाचणी पहिल्या महिन्यात व्हावी, दोषाचं पक्कं निदान तिसऱ्या महिन्यापर्यंत व्हावं आणि उपचार सहाव्या महिन्याच्या आत सुरू व्हावेत, असं तज्ज्ञ सांगतात. आमच्याकडे पोर अंगणवाडीत बसायला लागतं, तेव्हा कुठे शंका येते.

त्याच अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं, मुलांची तपासणी करणारं सरकारी पथक वर्षातून दोनदा येतं, शाळेत एकदा. हा कार्यक्रम २०१३ पासून आहे. नेमकं त्या दिवशी, "डॉक्टर नावं ठेवतील" म्हणून, अशाच पोराला घरी ठेवतात. ठेवू नका. पथकाची चिठ्ठी मिळाली की पुढची तपासणी आणि उपचार मोफत होतात.

शाळेकडे मात्र तोंडी बोलून उपयोग नाही. मुख्याध्यापकांना साध्या कागदावर लिहून द्या: मुलाला काय जमत नाही, कधीपासून, वर्गात काय सोय हवी. पोच घ्या.

आणि दाखल्याचा अर्जही आजच ऑनलाइन भरा. एसटीची सवलत त्याशिवाय मिळत नाही, आणि रत्नागिरीच्या फेऱ्या तर तुम्हाला माराव्याच लागणार आहेत.